हिंसेचे नक्षत्र आणि गुरूची आज्ञा

माणसाच्या वागण्याचे मूळ कोठे शोधावे याविषयी मराठीत दोन म्हणी शेजारीशेजारी नांदतात आणि त्या एकमेकींना सरळ छेद देतात. स्वभावाला औषध नाही, असे एक सांगते. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर त्याला वाण नाही पण गुण लागतो, असे दुसरी सांगते. पहिलीच्या मते कृती माणसाच्या आतून येते, तर दुसरीच्या मते तो ज्या दावणीला बांधला गेला तिथून येते. व्यवहारात या दोन्ही म्हणी सोयीने वापरल्या जातात. परक्याच्या अपराधाला पहिली लावली जाते आणि आपल्या घरातल्या माणसाच्या अपराधाला दुसरी. धर्मविचाराला मात्र असे दोन्ही बाजूंनी बोलून चालत नाही. पाप, पुण्य, प्रायश्चित्त, शील या सगळ्या कल्पना कर्त्याला कृतीचा धनी मानूनच उभ्या राहतात. शील म्हणजे चांगल्या वागणुकीची अंगी मुरलेली आणि सहजासहजी न ढळणारी प्रवृत्ती. ती प्रवृत्ती भोवतीची माणसे, अधिकारी आणि घाईगर्दी यांच्यासरशी बदलत असेल, तर शील कशाला म्हणावे आणि दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न टाळता येत नाही.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न एका कथेत ज्या प्रामाणिकपणे जपून ठेवला आहे, तसा तो क्वचितच इतरत्र आढळतो. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातील ८६ वे सुत्त अंगुलिमालाचे आहे. सुत्त म्हणजे बुद्धाच्या उपदेशाची किंवा संवादाची पाली भाषेतील नोंद. या सुत्तात कोसल देशातला एक दरोडेखोर माणसे मारतो, त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालतो, बुद्धाच्या भेटीनंतर शस्त्र टाकतो आणि भिक्षू होतो. तो असा का झाला, याविषयी सुत्त एक अक्षरही सांगत नाही. कारण सांगण्याची गरज पुढच्या पिढ्यांना वाटली आणि ती अट्ठकथेने, म्हणजे मूळ वचनांवर लिहिल्या गेलेल्या पाली भाष्याने, भागवली. मज्झिम निकायावरील अट्ठकथा परंपरेनुसार बुद्धघोष या पाचव्या शतकातील आचार्यांच्या नावावर आहे. विशेष असे की तिने एकच कारण दिलेले नाही. दोन दिली आहेत आणि ती दोन्ही त्या दोन म्हणींसारखी परस्परविरोधी आहेत.

पहिले कारण नक्षत्राचे. कोसलराजाच्या पुरोहिताला मुलगा झाला त्या रात्री नगरातील शस्त्रे लखलखू लागली. मूल चोरनक्षत्रावर जन्मले असून ते मोठेपणी दरोडेखोर होईल, असे पुरोहिताने स्वतःच राजाला सांगितले. तो एकटाच लुटारू होईल की टोळीचा नायक, असे राजाने विचारले आणि एकटाच, असे उत्तर मिळाल्यावर त्याला वाढू देण्याची अनुज्ञा दिली. मुलाचे नाव अहिंसक ठेवण्यात आले. दुसरे कारण तक्षशिलेचे. अहिंसक तिथे विद्या शिकायला गेला, आज्ञाधारक आणि तल्लख विद्यार्थी म्हणून आचार्यांचा आवडता झाला, आणि त्यामुळेच सहाध्यायांच्या डोळ्यांत सलू लागला. त्यांनी तो गुरुपत्नीशी अनाचार करतो असे गुरूच्या मनात भरवले. गुरूने त्याला स्वतः मारले नाही, कारण तसे केले तर पुढे कोणी शिकायला येणार नाही. त्याऐवजी त्याने विद्येची दक्षिणा म्हणून हजार माणसांच्या हत्येची मागणी केली. आपण हिंसा न करणाऱ्या कुळात जन्मलो आहोत, आपल्याला हे शक्य नाही, असे अहिंसकाने सांगितले. दक्षिणा न दिलेली विद्या फळत नाही, असे गुरूने उत्तर दिले, आणि अहिंसक अरण्यात गेला.

नक्षत्राची कथा स्वभावाची आहे आणि तक्षशिलेची कथा प्रसंगाची. दोहोंपैकी नक्षत्राच्या कथेला तपशील थोडे आहेत, तर तक्षशिलेच्या कथेत मत्सर, कुजबूज, प्रतिष्ठेची भीती, विद्या निष्फळ होण्याचा धाक असे माणसांच्या जगातले सगळे दुवे आहेत. भाष्यकाराचे मन खरे कोठे गुंतले होते ते यावरून कळते. त्यातही एक तपशील विलक्षण आहे. अहिंसक प्रारंभी बोटे तोडत नव्हता. तो मनातल्या मनात मोजत होता. परंतु बुद्धिमान असूनही त्याच्या ध्यानात आकडा राहीना, कारण हिंसेने चित्त अस्वस्थ झालेले होते. म्हणून तो प्रत्येक प्रेताचे एक बोट घेऊ लागला. ठेवलेली बोटे नाहीशी होऊ लागली, म्हणून त्याने ती ओवली आणि त्यातून अंगुलिमाल हे नाव आले. ज्या माळेकडे पाहून लोक त्याला जन्मजात क्रूर समजत होते, ती माळ मूळची एका गोंधळलेल्या विद्यार्थ्याची हिशेबवही होती. आज्ञेचे पालन करणाऱ्याचे लक्ष माणसावरून उडून आकड्यावर स्थिरावते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा तपशील शोधूनही सापडणे कठीण आहे.

या कथेनंतर दीड हजार वर्षांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग याच जागेवर बोट ठेवतात. त्या वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी अ‍ॅडॉल्फ आइखमान याच्यावर खटला चालू होता आणि आपण केवळ आज्ञा पाळल्या, हा त्याचा बचाव जगभर चर्चिला जात होता. मिलग्रॅमने वृत्तपत्रात जाहिरात देऊन सामान्य नागरिकांना स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी बोलावले. प्रत्येकाला शिक्षकाची भूमिका देण्यात आली. शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याने चूक केली की त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला तो १५ व्होल्टने वाढवायचा, असे ठरले होते. यंत्रावर ४५० व्होल्टपर्यंत ३० कळा होत्या. धक्के खोटे होते आणि विद्यार्थी प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता, पण हे शिक्षकाला ठाऊक नव्हते. तो कचरला की शेजारी बसलेला प्रयोगकर्ता शांतपणे पुढे चालू ठेवण्यास सांगे. प्रयोगापूर्वी विचारलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अंदाजाने हजारात एखादाच अखेरच्या कळेपर्यंत जाणार होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात मात्र ४० पैकी २६ जण अखेरपर्यंत गेले, आणि भिंतीवर ठोकण्याचा आवाज येऊन नंतर पलीकडे पूर्ण शांतता पसरल्यावरही गेले. त्यांतले अनेक जण घामाघूम झाले, थरथरले, आणि तरीही कळ दाबत राहिले. अहिंसकाचे चित्त अस्वस्थ होते, तसेच त्यांचेही होते. अस्वस्थतेने हात थांबला नाही. पायऱ्या लहान असल्यामुळे थांबण्याची अशी एक ठळक जागा कोणालाच दिसली नाही, कारण ज्याने २८५ व्होल्टचा धक्का दिला त्याला ३०० व्होल्ट नाकारताना आधीच्या प्रत्येक धक्क्याचा जाब स्वतःला द्यावा लागला असता.

या प्रयोगांवर झालेल्या टीकेकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. काही सहभागींना धक्के खोटे असल्याचा संशय आला होता आणि प्रयोगकर्त्याने ठरलेल्या संहितेबाहेर जाऊन आग्रह केल्याचेही पुढे दाखवले गेले. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेला कृत्रिम तुरुंगाचा प्रयोग तर याहून अधिक डळमळीत ठरला. तिथल्या पहारेकऱ्यांना कसे वागावे याच्या सूचना मिळाल्या होत्या हे उघड झाल्यावर त्यावरून काढलेले मोठे निष्कर्ष मागे घेणेच रास्त आहे. मिलग्रॅमच्या निष्कर्षांचा पुन्हा विचार करणाऱ्या अभ्यासकांनी मांडलेला एक मुद्दा येथे फार मोलाचा आहे. ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ अशी उघड आज्ञा ऐकताच बहुतेक जण थांबत. प्रयोगासाठी हे आवश्यक आहे, अशी भाषा ऐकून ते पुढे जात. म्हणजे प्रसंगाचे बळ दंडुक्यात नसून एखाद्या थोर कार्यात आपण सहभागी आहोत या भावनेत होते. तक्षशिलेच्या गुरूनेही अहिंसकाला धमकावले नव्हते. त्याने विद्येचे फळ त्याच्यासमोर ठेवले होते.

धर्मशिक्षणाच्या दृष्टीने याहून बोचरा ठरावा असा प्रयोग जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी केला आणि तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन येथील ख्रिस्ती धर्मशास्त्र विद्यालयातील विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत जाऊन छोटेसे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा हा होता. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाकडे याजक आणि लेवी पाहून न पाहिल्यासारखे करतात, तर तुच्छ मानला गेलेला शोमरोनी थांबून त्याची शुश्रूषा करतो, अशी ती कथा आहे. विद्यार्थ्यांच्या वाटेतल्या गल्लीत एक माणूस दाराशी कोसळलेला, खोकत आणि कण्हत पडलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले, ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता यामुळे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक आढळला नाही, आणि करुणेवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून पुढे गेले. त्यांना निर्दय ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्या मनात दया नव्हती असे प्रयोग सांगत नाही. एका वाट पाहणाऱ्या माणसाला दिलेला शब्द आणि पायाशी पडलेला माणूस यांत त्यांनी निवड केली, आणि आपण निवड करत आहोत हेही घाईने त्यांतल्या अनेकांना उमजू दिले नाही.

अशा प्रयोगांच्या आधारे गिल्बर्ट हार्मन आणि जॉन डॉरिस या तत्त्वज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या प्रारंभी एक टोकाची भूमिका मांडली. तिला प्रसंगवाद म्हणता येईल. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले तसे सर्व परिस्थितींत टिकून राहणारे सद्गुण माणसांत फारसे नसतातच. असते ते फक्त विशिष्ट प्रसंगी विशिष्ट तऱ्हेने वागण्याचे वळण. या भूमिकेत बरेच तथ्य आहे. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण सांगताना प्रसंग विसरून स्वभावावर बोट ठेवण्याची खोड, जिला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत आरोपणदोष असे नाव दिले, ती ओळखल्याशिवाय न्यायबुद्धीने कोणाचेही मूल्यमापन होऊ शकत नाही. तरीही प्रसंगवादाचा शेवटचा निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. मिलग्रॅमच्या ४० जणांपैकी १४ जण थांबले, आणि प्रसंग जर सर्वस्वी वर्तन ठरवत असेल तर त्यांच्या थांबण्याला स्पष्टीकरण उरत नाही. शिवाय प्रसंग हा पावसासारखा आकाशातून पडत नाही. गुरूची आज्ञा, सहाध्यायांची कुजबूज, प्रयोगशाळेतील कळांची रांग हे सगळे माणसांनीच घडवलेले असते.

सुत्ताचा उत्तरार्ध याच मुद्द्यावर उभा आहे. अंगुलिमालाच्या वाटेने लोक दहा, वीस, तीस, चाळीस जणांच्या जथ्याने जात आणि तरीही त्याच्या हाती सापडत. बुद्ध एकटा गेला. अंगुलिमाल पूर्ण बळाने धावत असूनही सहज चालणाऱ्या बुद्धाला गाठू शकला नाही, आणि थांब म्हणून ओरडल्यावर, मी थांबलेलाच आहे, तू थांब, अशा अर्थाचे उत्तर त्याने ऐकले. यातील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहते: आजवर अंगुलिमालाला भेटलेला प्रत्येक माणूस भीतीने किंवा शस्त्राने त्याला दरोडेखोर म्हणूनच वागवत होता, आणि हा पहिला माणूस होता ज्याने त्याच्याशी थांबू शकणारा माणूस म्हणून व्यवहार केला. पुढे कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो, वाटेत बुद्धाला भेटतो, आणि अंगुलिमाल मुंडन करून, काषाय वस्त्रे घालून, शीलवान होऊन बसलेला दिसला तर काय कराल, या प्रश्नाला वंदन करू, असे उत्तर देतो. बुद्ध हात पुढे करून दाखवतो तेव्हा राजाच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि तरी तो त्या भिक्षूला वस्त्र आणि अन्न देऊ करतो. तोच माणूस, तेच हात. भोवतीची मांडणी बदलली तेव्हा राजाचेही वागणे बदलले.

परंतु परिस्थिती कारण होती म्हणून अंगुलिमालाला दोषमुक्त करण्याची सोय सुत्ताने ठेवलेली नाही. श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला ढेकळे, काठ्या आणि दगड लागतात. डोके फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परततो, आणि हे कर्माचे फळ आहे, सोसून घे, असे बुद्ध त्याला सांगतो. भिक्षू झालेल्या माणसाच्या अंगावर येणारा प्रत्येक दगड रास्त आहे असे येथे म्हटलेले नाही. मेलेल्यांचे नातेवाईक अजून जिवंत आहेत एवढेच तो दगड सांगतो. त्याच श्रावस्तीत प्रसववेदनांनी तळमळणारी एक स्त्री पाहून अंगुलिमाल व्याकूळ होतो. जन्मापासून आपण जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला नाही, या सत्याच्या बळावर तिचे कल्याण होवो, असे म्हणण्यास बुद्ध त्याला सुचवतो, तेव्हा ते खोटे होईल असे अंगुलिमाल स्वतः सांगतो. मग आर्य जन्मापासून, म्हणजे संघात आल्यापासून, अशी दुरुस्ती होते. गुरूच्या आज्ञेने हत्येला निघालेला हाच माणूस आता गुरूच्या तोंडून आलेले वाक्यही खरे नसेल तर उच्चारत नाही, आणि त्याच्यात झालेला बदल काषाय वस्त्रापेक्षा या नकारात अधिक दिसतो. थेरवादी देशांत गर्भवती स्त्रियांसाठी अंगुलिमाल परित्त, म्हणजे त्याच्या नावाचे संरक्षक पठण, आजही म्हटले जाते.

हा बदल एकट्याच्या निश्चयावर टिकेल, असे बुद्धाने मानले नाही. सत्संगती म्हणजे ब्रह्मचर्याचा, म्हणजे धार्मिक जीवनाचा, अर्धा भाग आहे, असे शिष्य आनंद याने म्हटल्यावर, अर्धा नव्हे, सगळाच, असे उत्तर त्याला बुद्धाकडून मिळाल्याची नोंद संयुत्त निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात आहे. तेथे वापरलेला कल्याणमित्र हा शब्द भोवतालच्या मांडणीलाच साधनेचे अंग ठरवतो. भिक्षुसंघाच्या रचनेतही हे उतरलेले दिसते. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी प्रातिमोक्षाचे, म्हणजे भिक्षूंच्या २२७ नियमांचे, सामुदायिक पठण होते. त्याहून लक्षवेधी आहे ती वर्षावासाच्या अखेरची प्रवारणा. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू जमतात, आणि सर्वांत ज्येष्ठ भिक्षू प्रथम उकिडवा बसून, हात जोडून, आपला एखादा दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याचा संशय आला असेल तर तो करुणेने सांगावा, अशी विनंती तीनदा करतो. मग क्रमाने सर्व जण तसेच करतात. अधिकाराच्या सर्वोच्च जागी बसलेल्याने खालच्यांना आपल्याविरुद्ध बोलण्याची मुभा स्वतःहून देण्याचा हा विधी आहे. मिलग्रॅमच्या प्रयोगाच्या एका आवृत्तीत खऱ्या शिक्षकाच्या जोडीला आणखी दोघे बसवले होते आणि त्या दोघांनी ठरल्याप्रमाणे मध्येच काम सोडले. तेव्हा ४० पैकी ३६ जण अखेरपर्यंत न जाता थांबले. ती माणसे आधीच्यांहून अधिक दयाळू नव्हती. त्यांना नाही म्हणणारा आवाज शेजारून ऐकू आला होता, आणि संघ तसा आवाज वर्षातून एकदा तरी निघेलच, याची तजवीज करत होता.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी एका तळ्याकाठी लागली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला. तरी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी कोणी अस्पृश्य प्यायला नाही. कागदावर मनाई उरली नव्हती, पण काठावरच्या नजरा, गावातली रोजी आणि पिढ्यांची धास्ती तशीच होती, आणि एकट्या माणसाला त्यापुढे पाण्यात ओंजळ घालणे अशक्य होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह महाडला भरलेल्या परिषदेला आलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातले कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते, म्हणजे आपल्याच लोकांच्या दडपणाविरुद्ध उभे होते. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली, आणि तळ्याच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघेपर्यंत चालला.

१९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी जे निदान केले त्याचा रोख हाच आहे. जात पाळणारी माणसे मुळात क्रूर आहेत असे त्यांनी म्हटले नाही. ती धर्मनिष्ठ आहेत म्हणून जात पाळतात, आणि म्हणून दोष त्यांना जात शिकवणाऱ्या धर्माचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर पाहिलेल्या प्रयोगांतल्या माणसांना थोर कार्याची भावना जिथे घेऊन गेली, तिथेच हे निदान पोहोचते, पण पंचवीस वर्षे आधी आणि प्रयोगशाळेत नव्हे तर स्वतः सोसलेल्या अनुभवातून. माणसाचा स्वभाव वाईट असता तर सुधारणेची आशा सोडावी लागली असती. त्याची दावण वाईट असेल तर ती सोडवता येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या दीक्षेच्या वेळी त्यांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या अनेक रोजच्या वागण्याच्या आहेत, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या भागात अंगुलिमालाला जागा दिली.

संघानेही अंगुलिमालाच्या प्रवेशानंतर एक सावध पाऊल टाकले, हे लपवण्याचे कारण नाही. भिक्षू म्हणून फिरणारा अंगुलिमाल पाहून लोक भ्यायले, वाट सोडून पळाले, आणि उघडपणे कुख्यात असलेल्या दरोडेखोराला यापुढे प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, देऊ नये, असा नियम विनयाच्या महावग्गात नोंदला गेला. मात्र ज्याला घेतले होते त्याला काढून टाकण्यात आले नाही. अट्ठकथेतील त्या तक्षशिलेच्या पाठशाळेत असा एकही नियम, अशी एकही प्रवारणा नव्हती. गुरूला त्याचा दोष सांगण्याची रीत नव्हती. तिथेही अहिंसकाने एकदा, आपल्या कुळाचे नाव घेऊन, नकार उच्चारला होता. त्या वेळी त्याच्या बाजूने एखादा सहाध्यायी बोलल्याची नोंद अट्ठकथेत नाही.